एमबीबीएसची जागा कशावर ठरते: नीटच्या निकालापासून कॉलेजात हजर होईपर्यंत

नीटचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो: "एवढ्या मार्कांना कुठले कॉलेज मिळेल?" या प्रश्नाला कोणी छातीठोक उत्तर देत असेल तर त्याच्यापासून दोन हात लांबच राहा. महाराष्ट्रात एमबीबीएसची जागा तीन गोष्टींवर ठरते: गुणवत्ता यादीतला तुमचा क्रमांक, ठरलेल्या तारखेला हातात असलेले कागद, आणि तुम्ही भरलेला पसंतीक्रम. बारावीचे टक्के, शाळेतली बक्षिसे, ओळखपाळख यांना इथे जागा नाही. मुलाखतही नाही, अपवाद पुण्याच्या एएफएमसीचा, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा, तिथे वेगळी चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते.

क्रमांक निकालाच्या दिवशी ठरून जातो, कागद आणि पसंतीक्रम मात्र अजून तुमच्या हातात असतात. चांगला क्रमांक असलेल्या मुलांच्या जागा जातात त्या याच दोन ठिकाणी. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पसंतीक्रम भरायला बसल्यावर कागद शोधायला लागलात तर उशीर झालेला असतो.

टप्पा १: आपण कोणकोणत्या रांगांत उभे राहू शकतो?

नीट एकच असली तरी प्रवेशाच्या रांगा वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीची नोंदणी वेगळी करावी लागते.

पहिली रांग केंद्राची. मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी, देशभरातल्या सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा भरते. नागपूरच्या एम्ससह सगळ्या एम्स आणि सगळी अभिमत (डीम्ड) विद्यापीठेही तिच्याकडेच आहेत. दुसरी रांग राज्याची. राज्यातल्या सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांतल्या उरलेल्या ८५ टक्के जागा आणि खासगी कॉलेजांतल्या जागा राज्य शासनाचा सीईटी सेल भरतो.

राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी नुसता अधिवास दाखला पुरत नाही. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या असाव्या लागतात. बदलीच्या नोकरीतल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे काही अपवाद माहिती पुस्तिकेत दिलेले असतात, पण ते मोजके आहेत आणि प्रत्येकाला वेगळे प्रमाणपत्र लागते. वडील पुण्याचे, घर पुण्यात, पण मुलीची दहावी बेंगळुरूला किंवा आखातात झाली, अशा घरांना हे बहुतेक वेळा निकालानंतरच कळते. अशा मुलांनी केंद्राच्या रांगेचा विचार सुरुवातीपासूनच मुख्य रांग म्हणून करावा. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी स्वतंत्र तरतूद आहे, तिचाही दाखला आधी काढून ठेवावा लागतो.

गोव्याबद्दलही गैरसमज असतो. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात महाराष्ट्रातला मुलगा केंद्राच्या १५ टक्क्यांतूनच जाऊ शकतो. राज्याच्या जागांना गोव्याचे रहिवासी असण्याची अट आहे.

पात्रतेचे दोन-तीन आकडे इथेच तपासून टाका. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के हवेत, म्हणजे राज्य मंडळाच्या ३०० गुणांपैकी १५० किंवा १२०. इंग्रजीत उत्तीर्ण असणेही आवश्यक आहे. दोन वर्षे फक्त नीटचाच अभ्यास केलेली मुले या ग्रुपच्या बेरजेत अडकलेली दिसतात.

तपासणी: कागदावर दोन ओळी लिहा. "केंद्र: पात्र की नाही, कोणत्या प्रवर्गात." "राज्य: पात्र की नाही, कोणत्या प्रवर्गात." दुसऱ्या ओळीतला प्रवर्ग पहिल्या ओळीपेक्षा वेगळा असू शकतो. कसा, ते पुढच्या टप्प्यात.

टप्पा २: कागद

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. खरे तर याची सुरुवात अकरावीतच व्हायला हवी.

आधी प्रवर्गाचा गुंता सोडवू. राज्याची यादी वेगळी आणि केंद्राची वेगळी. धनगर समाज राज्यात भटक्या जमाती क मध्ये, वंजारी भटक्या जमाती ड मध्ये, बंजारा विमुक्त जातींत. केंद्राकडे मात्र हे तिन्ही इतर मागासवर्गात येतात. त्यामुळे या मुलांना दोन निरनिराळी प्रमाणपत्रे लागतात, एक राज्याच्या नमुन्यातले आणि दुसरे केंद्राच्या नमुन्यातले. मराठा समाजातली मुले राज्यात एसईबीसीत, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गात आहेत. केंद्राकडे हा प्रवर्ग नाही, तिथे उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटींत बसत असल्यास ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला चालतो. राज्यात मात्र एसईबीसीत मोडणाऱ्याला ईडब्ल्यूएसचा लाभ घेता येत नाही. कुणबी दाखला असलेला मुलगा दोन्हीकडे इतर मागासवर्गात जातो. आपल्या जातीचे नाव केंद्राच्या यादीत जसे छापले आहे तसेच दाखल्यावर आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. नीटच्या अर्जात भरलेला प्रवर्ग केंद्राच्या यादीप्रमाणे असतो. राज्याच्या अर्जात राज्याचा प्रवर्ग नव्याने भरायचा असतो.

आता राज्यातल्या राखीव प्रवर्गाची तीन कागदांची साखळी: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेयर, म्हणजे घरचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचे प्रमाणपत्र. अनुसूचित जाती आणि जमातींना शेवटचा लागत नाही. विमुक्त-भटके, इतर मागासवर्ग, विशेष मागास आणि एसईबीसी या सगळ्यांना लागतो.

वैधता प्रमाणपत्रालाच सर्वांत जास्त वेळ लागतो. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने अकरावी किंवा बारावीत असतानाच कॉलेजचे पत्र घेऊन जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करावा. अनुसूचित जमातींची समिती वेगळी असते. समिती जुना पुरावा मागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा, किंवा तहसीलमधल्या गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद, जिला गावात कोतवाल बुकातली नोंद म्हणतात. वडिलांकडे किंवा सख्ख्या काकांकडे वैधता असेल तर काम पुष्कळ सोपे होते, म्हणून नव्याने कागद शोधत फिरण्याआधी भावकीत विचारा.

नॉन-क्रीमी लेयर काढलेले असते, पण मुदत संपलेली असते, हा नेहमीचा घोळ. राज्याच्या प्रवेशासाठी ते पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवे. म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ पर्यंत. केंद्राच्या इतर मागासवर्ग प्रमाणपत्रासाठी चालू आर्थिक वर्षात काढलेलेच घ्या. दोन्हींसाठी एप्रिलमध्येच सेतू केंद्रात अर्ज टाका. जूनमध्ये सगळा जिल्हा प्रांत कार्यालयाच्या दारात उभा असतो.

बाकीच्या कागदांबद्दल थोडक्यात. दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, बारावीच्या कॉलेजचा शाळा सोडल्याचा दाखला, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र, नीटचे प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड, आधार, पुस्तिकेतल्या नमुन्यातच घेतलेले वैद्यकीय तंदुरुस्ती प्रमाणपत्र, आणि नीटच्या अर्जावर लावलेल्या फोटोच्या भरपूर प्रती. रिपीट केलेल्यांना मधल्या वर्षाचे गॅपचे प्रतिज्ञापत्र लागते. दिव्यांग उमेदवारांनी साधे जिल्हा रुग्णालयाचे प्रमाणपत्र पुरेल असे धरून चालू नये. नेमून दिलेल्या केंद्रांचेच प्रमाणपत्र प्रवेशाला चालते, आणि तिथली तारीख मिळायला वेळ लागतो.

आता नावाकडे वळा. दहावीचे प्रमाणपत्र मध्यभागी ठेवा आणि बाकीचे सगळे कागद भोवती मांडा. एकेका कागदावरचे मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख बोट ठेवून वाचा. आधारवर "सूर्यवंशी"चे इंग्रजी स्पेलिंग एक आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरे. जातीच्या दाखल्यावर वडिलांचे नाव "बाळासाहेब" आणि शाळेच्या दाखल्यात "भाऊसाहेब". शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "हिंदू-मराठा" आणि हातात कुणबी दाखला. यांतल्या काही फरकांना प्रतिज्ञापत्र पुरते, काहींना राजपत्रात नाव बदलून घ्यावे लागते, आणि जातीच्या नोंदीतला फरक थेट पडताळणी समितीसमोर जातो. हे काम निकालाआधीच्या रिकाम्या दिवसांत होते. जागावाटपाची फेरी सुरू झाल्यावर होत नाही.

इशारा: "अर्ज केल्याची पावती आहे, चालेल ना?" या भरवशावर राहू नका. एखाद्या वर्षी शासनाने वैधतेला मुदतवाढ दिलीही असेल. ती मिळेलच असे गृहीत धरून पसंतीक्रम भरला आणि मुदतवाढ आली नाही, तर राखीव जागेवरचा प्रवेश रद्द होतो आणि तोवर खुल्या जागाही संपलेल्या असतात.

टप्पा ३: मार्क बाजूला ठेवा, क्रमांक वाचा

२०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ ला पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ होते. खुल्या प्रवर्गाची पात्रतेची किमान रेषा २०२४ ला १६२ वर होती, २०२५ ला १४४ वर आली. पेपर सोपा-अवघड झाला की मार्कांचा अर्थच बदलतो, म्हणून "गेल्या वर्षी ५८० ला मिळाले होते" हे वाक्य कानाआड करा. तुलना फक्त अखिल भारतीय क्रमांकाची.

तशीच गफलत "क्वालिफाय झालो" या शब्दाची होते. खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल आणि राखीव प्रवर्गांना ४० पर्सेंटाइल ही रांगेत उभे राहण्याची परवानगी आहे. तेवढ्यावर सरकारी जागा मिळण्याची शक्यता जवळजवळ नसते. पर्सेंटाइल म्हणजे मिळालेले टक्के नव्हेत, परीक्षा दिलेल्यांपैकी किती टक्के मुले तुमच्या मागे आहेत तो आकडा, हे आजी-आजोबांनाही समजावून सांगा, नाहीतर घरात पेढे आधी वाटले जातात.

आता सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून गेल्या दोन वर्षांच्या फेरीनिहाय याद्या उतरवा. प्रत्येक कॉलेजसमोर आपल्या प्रवर्गात पहिल्या फेरीत शेवटचा कोणता अखिल भारतीय क्रमांक लागला आणि शेवटच्या फेरीत कोणता, हे दोन आकडे एका वहीत मांडा. मुलींनी मुलींसाठी राखीव जागेचे आकडे वेगळे मांडा. दोन आकड्यांमधले अंतर पाहिले की पुढच्या फेरीची वाट बघण्यात अर्थ आहे की नाही ते कळते.

हा तक्ता अंदाजासाठी आहे. पसंतीक्रमाचा क्रम त्यावरून लावायचा नाही. त्याबद्दल टप्पा ६ मध्ये.

टप्पा ४: नोंदणी, आणि तात्पुरती यादी

एमसीसी आणि सीईटी सेल, दोन्हीकडे नोंदणी करा, जरी "आम्हाला महाराष्ट्राबाहेर जायचेच नाही" असे आज ठरलेले असले तरी. एमसीसीच्या १५ टक्क्यांत पुण्याच्या बी. जे. आणि मुंबईच्या केईएमच्या जागाही असतात. तिथे सरकारी कॉलेजांसाठी नोंदणीशुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये आणि राखीवला ५०० आहे, शिवाय परत मिळणारी अनामत अनुक्रमे १०,००० आणि ५,०००. अभिमत विद्यापीठांसाठी वेगळे ५,००० आणि अनामत २ लाख रुपये. ज्या खात्यातून पैसे भराल त्याच खात्यात अनामत परत येते, म्हणून सायबर कॅफेवाल्याच्या किंवा क्लासच्या कार्डावरून भरू नका.

अर्जात दावा केला पण प्रमाणपत्र अपलोड केले नाही किंवा धूसर केले, तर राज्याच्या यादीत तुम्ही खुल्या प्रवर्गात दिसता. तात्पुरती गुणवत्ता यादी लागते ती याच चुका दुरुस्त करण्यासाठी, आणि लोक तिच्यात फक्त आपला क्रमांक बघून खिडकी बंद करतात.

तपासणी: तात्पुरत्या यादीत आपल्या नावासमोरच्या ओळीत प्रवर्ग, लिंग, महाराष्ट्र पात्रता, दिव्यांग, माजी सैनिकांच्या पाल्यांचा कोटा, डोंगरी भाग, अल्पसंख्याक, असे जे जे दावे केले ते सगळे दिसतात का ते पाहा. एखादा राहिला असेल तर दिलेल्या मुदतीत तक्रार नोंदवा आणि त्याची प्रत जपून ठेवा.

इशारा: पासवर्ड आणि ओटीपी क्लासच्या समुपदेशकाला, एजंटला किंवा ओळखीच्या काकांना देऊ नका. दुसऱ्याने भरलेला पसंतीक्रम तुमच्याच नावावर लागतो. "मॅनेजमेंटमधून करून देतो" म्हणणाऱ्याला तर घराचे दार दाखवा. खासगी कॉलेजांतला संस्था कोटासुद्धा नीटच्या गुणवत्तेवर भरला जातो आणि देणगी घेऊन प्रवेश देणे महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

टप्पा ५: पैशाचे बोलणे पसंतीक्रमाच्या आधी

बऱ्याच घरांत हे बोलणे जागा लागल्यावर होते. मग सहा दिवसांत शेत गहाण ठेवायचे की जागा सोडायची असा पेच पडतो. म्हणून आई-वडील आणि मूल एकत्र बसा आणि साडेचार वर्षांच्या फीचा आकडा लिहा.

खासगी कॉलेजाचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि कॉलेजनिहाय जाहीर करते. कॉलेजच्या कचेरीतल्या माणसाने फोनवर सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. त्यात वसतिगृह, मेस आणि अनामत नसते, ती वेगळी धरा. ८५ टक्के राज्य गुणवत्ता जागा आणि १५ टक्के संस्था किंवा एनआरआय जागा यांच्या शुल्कात फार मोठा फरक असतो. अभिमत विद्यापीठे बहुतेक वर्षाला २० लाखांच्या पुढे आहेत.

सवलतींपैकी दोन ध्यानात ठेवा. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातल्या मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी कॉलेजातही ते मिळते, पण प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. अभिमत विद्यापीठे आणि व्यवस्थापन कोटा यांना हे लागू नाही. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. एखाद्या मुलीच्या घरासाठी खासगी कॉलेजचे गणित या माफीने पूर्ण बदलते, त्यामुळे "खासगी नकोच" असे म्हणण्याआधी हिशेब करा.

सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजात एमबीबीएस झाल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे. ती न केल्यास १० लाख रुपये भरावे लागतात. ती सेवा शिकवते आणि तिचे मानधनही मिळते. तिच्या भीतीने सरकारी जागा सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टप्पा ६: पसंतीक्रम

इथे नियम एकच आहे: ज्या क्रमाने हवे त्या क्रमाने लिहा. मिळेल की नाही याचा विचार क्रम लावताना करू नका.

यंत्रणा कशी चालते ते समजले की भीती जाते. संगणक गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरू करतो आणि एकेकाची यादी वरून खाली वाचत जातो. तुमची पाळी आली की तुमची पहिली पसंती बघतो. तिथे तुम्हाला लागू होणारी जागा शिल्लक असेल तर ती दिली, नसेल तर दुसरी, मग तिसरी. राखीव प्रवर्गातल्या मुलाचा क्रमांक खुल्या जागेत बसत असेल तर ती जागा त्याला मिळते. तुमच्या मागच्या मुलाने तेच कॉलेज पहिल्या नंबरवर लिहिले म्हणून त्याची पाळी तुमच्या आधी येत नाही. वर मोठी कॉलेजे लिहिल्याने खालच्या कॉलेजातली तुमची जागा कमी होत नाही.

समजा, लातूर जिल्ह्यातली एक मुलगी आहे, इतर मागासवर्गातली. तिला मनातून लातूरचे सरकारी कॉलेज हवे आहे, नाहीतर छत्रपती संभाजीनगरचे घाटी, नाहीतर सोलापूर, मग अंबाजोगाई, मग नांदेड. तक्त्यात तिला दिसते की गेल्या वर्षी तिच्या क्रमांकाला पहिल्या फेरीत नांदेड लागले होते. कोणीतरी सांगते, "नांदेड पहिले टाक, म्हणजे पक्के होईल." ती टाकते. यंदा नव्या कॉलेजांमुळे आणि वरच्या मुलांच्या पसंती बदलल्याने तिच्या पाळीला लातूरची जागा शिल्लक असते. संगणक तिची पहिली पसंती बघतो, नांदेड मिळते आहे, दिले, पुढे वाचण्याचे कारण उरत नाही. लातूरची जागा तिच्या मागच्या क्रमांकाच्या मुलीला जाते. लातूर, घाटी, सोलापूर, अंबाजोगाई, नांदेड असा क्रम असता तर लातूर मिळाले असते. आणि लातूर नसते मिळाले तरी नांदेड होतेच.

म्हणजे वरच्या बाजूला हवे तितके मोठे लिहा. काळजी घ्यायची ती यादीच्या तळाशी. तिथे लिहिलेले प्रत्येक कॉलेज "हे लागले तर मी उद्या फी भरून जाणार" या कसोटीवर उतरले पाहिजे. परवडणार नाही असे खासगी कॉलेज "राहू दे, नंबर भरायला" म्हणून लिहिले की तेच लागते, आणि नाकारण्याचे परिणाम फेरीगणिक कडक होत जातात. उलट चूकही तितकीच मोठी: चार नामांकित कॉलेजे लिहून यादी बंद करणे. यादी छोटी ठेवल्याने त्या चारांत जागा मिळण्याची शक्यता रेसभरही वाढत नाही.

मग हवेपणाचा क्रम कसा लावायचा? पहिला निकष रुग्णालयातली गर्दी, असे मी म्हणेन. केईएम, सायन, नायर, जेजे, ससून, घाटी, नागपूरचे मेडिकल आणि मेयो इथे विद्यार्थी तिसऱ्या वर्षापर्यंत जितके रुग्ण बघतो तितके नव्या चकचकीत इमारतीत बघायला मिळत नाहीत. जमले तर एखाद्या कॉलेजात सकाळी ओपीडीच्या वेळी जाऊन केसपेपरच्या रांगा बघा. माहितीपत्रकातल्या फोटोंपेक्षा जास्त कळते. त्यानंतर शुल्क, वसतिगृहाची सोय आणि घरापासूनचे अंतर.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या गडचिरोली, वाशिम, हिंगोली, बुलढाणा, भंडारा, जालना यांसारख्या नव्या सरकारी कॉलेजांना लोक सरसकट काट मारतात. सोयी अजून उभ्या राहत आहेत हे खरे. पण विद्यापीठ तेच, नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. परीक्षा तीच, पदवी तीच. कर्ज काढून घ्याव्या लागणाऱ्या खासगी जागेच्या खाली नवे सरकारी कॉलेज लिहिताना दहा वेळा विचार करा.

तपासणी: यादी भरून झाली की छापून घ्या. आई किंवा वडिलांनी शेजारच्या दोन-दोन नावांवर बोट ठेवून विचारावे: "ही दोन्ही मिळाली तर कुठली घेशील?" प्रत्येक वेळी उत्तर वरच्या नावाचे आले पाहिजे. एके ठिकाणी जरी खालचे नाव आले तरी क्रम बदला. कॉलेजचा कोड नावाशी जुळवा. एकाच शहरातल्या सरकारी आणि खासगी कॉलेजांची नावे सारखी वाटतात. नागपुरात तर दोन सरकारी आहेत. शेवटच्या तासाची वाट न बघता आदल्या दिवशी यादी पक्की करा आणि त्याची पीडीएफ उतरवून ठेवा.

टप्पा ७: जागा लागली, घ्यायची, धरून ठेवायची की सोडायची?

एमसीसीच्या पहिल्या फेरीत लागलेली जागा न घेता सोडता येते, दंड नाही. दुसऱ्या फेरीत सोडली तर अनामत जाते. तिसऱ्या फेरीपासून नियम आणखी आवळले जातात. शेवटच्या रिक्त जागांच्या फेरीत लागलेली जागा नाकारली तर पुढच्या नीटवरही बंदी येऊ शकते. म्हणून शेवटच्या फेरीत गंमत म्हणून पर्याय भरू नका. राज्यात जागा न घेतल्याचे परिणाम फेरीनिहाय माहिती पुस्तिकेत दिलेले असतात. ते पान पसंतीक्रम भरण्याआधीच वाचून ठेवा.

राज्यात सर्वांत जास्त घोटाळा स्टेटस रिटेन्शन फॉर्मचा होतो. हा फॉर्म भरला म्हणजे "मला हीच जागा हवी, पुढच्या फेरीत माझा विचार करू नका." मग वरच्या पसंतीचे दार बंद. फॉर्म न भरता नुसता प्रवेश घेतला तर पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी तुमचा विचार होतो. वरचे कॉलेज मिळाले की आधीची जागा आपोआप जाते आणि परत मागता येत नाही. कॉलेजच्या कचेरीत गर्दीत "यावर सही करा" म्हणून कागद पुढे येतो आणि पालक सही करून मोकळे होतात. कागदाचे शीर्षक वाचल्याशिवाय सही करू नका.

याचा दुसरा पैलू: पहिल्या फेरीत मिळालेल्या कॉलेजवर मन बसले, पण फॉर्म भरला नाही आणि पुढच्या फेरीत जुनीच लांबलचक यादी तशीच ठेवली, तर नको असलेली बदली होते. पुढच्या फेरीच्या यादीत सध्याच्या कॉलेजपेक्षा खरोखर हवी असलेली नावेच ठेवा. एमसीसीतही हजर होताना "अपग्रेडसाठी इच्छुक" की नाही हे विचारतात. तिथलाही अर्थ हाच.

दोन्ही रांगा एकदम चालू असतात तेव्हा तारखांचा तक्ता भिंतीवर लावा. एमसीसीच्या दुसऱ्या फेरीत घेतलेली जागा ठरलेल्या मुदतीत सोडली नाही, तर तुम्ही राज्याच्या पुढच्या फेऱ्यांतून बाद होता, कारण प्रवेश घेतलेल्यांच्या याद्या दोन्हीकडे जातात. राजीनामा कॉलेजने ऑनलाइन नोंदवून त्याची पावती दिली तरच तो झाला. हातात दिलेला साधा अर्ज म्हणजे राजीनामा नव्हे.

टप्पा ८: कॉलेजात हजर होण्याचा दिवस

मुदतीच्या शेवटच्या दिवशी जाऊ नका. अनेक कॉलेजे फी डिमांड ड्राफ्टने घेतात, आणि मधे शनिवार-रविवार किंवा बँकेची सुटी आली की ड्राफ्ट निघत नाही. ड्राफ्ट कोणाच्या नावे काढायचा ते कॉलेजच्या सूचनेतून अक्षर अन् अक्षर उतरवून घ्या. सरकारी कॉलेजात "अधिष्ठाता" या पदनावाने काढायचा असतो, तिथे एक शब्द चुकला तरी परत पाठवतात.

मूळ कागद जमा करण्याआधी प्रत्येकाचे रंगीत स्कॅन आणि साक्षांकित प्रतींचे किमान चार संच करून ठेवा. मूळ कागद एकदा कॉलेजात गेले की दुसऱ्या फेरीसाठी, बँकेच्या कर्जासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी ते लवकर हाती येत नाहीत. काय काय जमा केले याची सही-शिक्क्याची यादी मागून घ्या. प्रवेशाची ऑनलाइन पावती निघाल्याशिवाय कचेरीतून हलू नका. पैसे भरले पण प्रणालीत प्रवेश नोंदवला गेला नाही तर जागा रिक्त दिसते आणि पुढच्या फेरीत दुसऱ्याला जाते.

वसतिगृहाचा अर्ज त्याच दिवशी द्या. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक दोघांचे लागते. फीसवलत आपोआप मिळत नाही. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर प्रत्येक वर्षी अर्ज भरावा लागतो, आधार बँक खात्याशी जोडलेले असावे लागते आणि कॉलेजने तो अर्ज पुढे पाठवावा लागतो. पहिल्या सत्राच्या गडबडीत मुले हे विसरतात, म्हणून महाडीबीटीची तारीख पालकांनी आपल्या फोनमध्ये लावून ठेवावी आणि अर्ज कॉलेजच्या लॉगिनवरून पुढे गेला का हे दर पंधरा दिवसांनी बघावे.